नरसिंहच नसलेली प्रल्हादाची गोष्ट

मंडळी, मागच्या रविवारी आमच्याकडे ‘श्रेक’ लागला होता. म्हणजे टीव्हीवर नाही हं, माझ्या फोनवर, आणि फोन होता माझ्या सात वर्षांच्या भाचीच्या हातात. पहिल्याच प्रसंगात तो हिरवा राक्षस परीकथेचं पुस्तक वाचतो. राजकन्या, मनोरा, शूर राजपुत्र... आणि मग ते पान टर्रकन फाडून संडासात वापरतो! माझी हसून हसून पुरेवाट. भाची मात्र गंभीर. म्हणाली, “मावशी, पुस्तक फाडलं ना त्याने? ओरडा बसेल आता.”

पुढेही तेच. हिमगौरीची काचेची पेटी बुटके श्रेकच्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवतात, लांडगा आजीचा झगा घालून त्याच्या पलंगावर लोळतो. मी हसतेय, ती विचारतेय, “ही बाई कोण? लांडग्याने झगा का घातलाय?” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला मुळातली एकही गोष्ट कोणी सांगितलेलीच नव्हती! घरी मराठी, गल्लीत तमिळ, शाळेत इंग्रजी, आणि गोष्टी मात्र तिन्ही भाषांत अर्ध्यामुर्ध्या.

2001 साली पहिला ‘श्रेक’ आला तेव्हा लोक खळखळून हसले, कारण मुळातल्या गोष्टी त्यांना पाठ होत्या. चुंबनाने शाप उतरतो आणि राजकन्या सुंदर होते, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून फियोना चुंबनानंतर कायमची राक्षसीण होते तेव्हा मजा येते. अ‍ॅनिमेशनपटांसाठीचं ऑस्कर सुरू झालं तेव्हा पहिला मान याच सिनेमाला मिळाला. त्यानंतर 2004, 2007 आणि 2010 मध्ये पुढचे भाग आले. (माझं मत विचाराल तर दुसरा सर्वात भारी, तिसऱ्याला जांभया येतात.)

पण गोष्ट उलटीपालटी करायची ही खोडी काही हॉलिवूडची नवी नाही. आमच्या तंजावर भागात ती जुनीच आहे, आणि त्यात आपल्या मराठी राजांचाही हात आहे! व्यंकोजीराजांचा मुलगा शहाजी 1684 ते 1712 या काळात तंजावरच्या गादीवर होता. त्याने मराठीतही नाटकं लिहिली आणि तेलुगूतही. त्याचं ‘सतीदानशूरमु’ हे तेलुगू प्रहसन बघा. पुराणात दानशूर म्हणजे सोनं-नाणं देणारा नाहीतर राज्य देणारा. इथला दानवीर चक्क बायको देऊन टाकतो! मन्नारगुडीच्या जत्रेत एक विद्वान गुरुजी परक्या बायकोवर भाळतात, आणि त्यांना धर्म शिकवायची पाळी शिष्यावर येते.

आता आमच्या तिरुवैयारूकडे या. त्यागराजस्वामी इथेच कावेरीकाठी राहिले आणि 1847 मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. तेव्हा तंजावरला मराठ्यांचंच राज्य होतं. दरवर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी शेकडो गायक मांडी घालून बसतात आणि पंचरत्न कृती एका सुरात गातात, ते तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. पण त्यांनी ‘प्रल्हाद भक्ती विजयम्’ नावाचं संगीत नाटकही लिहिलंय, हे फार जणांना माहीत नसतं.

त्यात खांब फुटत नाही. नरसिंह येत नाही. हिरण्यकश्यपू रंगमंचावरच येत नाही! बांधून समुद्रात टाकलेल्या प्रल्हादाला समुद्रराजा सांभाळून घेतो, आणि बाकी सगळं नाटक म्हणजे त्या पोराचं हरीची वाट बघणं. कधी रुसतो, कधी रडतो, कधी विनवण्या करतो. शेवटी हरी येतो, पण कोणाला मारायला नाही, त्याला भेटायला.

याच जिल्ह्यात मेलट्टूर नावाचं गाव आहे. तिथे नरसिंह जयंतीला भागवत मेळ्यात ‘प्रल्हाद चरित्रम्’ रात्रभर चालतं. सगळे डोळे ताणून वाट बघतात ती नरसिंहाची. त्याचा मुखवटा पूजेतला, तो चढवणारा नट उपास करतो. आता विचार करा, ज्या मुलखातला प्रेक्षक त्या एका क्षणासाठी रात्र जागवतो, तिथेच त्यागराजांनी तो क्षण गाळला. हा विनोद नव्हे, पण धाडस श्रेकच्याच जातीचं.

तर रात्री भाचीला मी हीच गोष्ट सांगितली. श्रेकच्या वेळी ढिम्म बसलेली पोरगी ताडकन उठली. “मावशी, चुकतेयस तू! खांब कुठेय? सिंह कुठेय?”

प्रल्हाद तिला पाठ होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती खांबामागे उभी राहून सिंहासाठी दरवाजा उघडायचं काम करत होती म्हणे.

म्हटलं, “या गोष्टीत सिंह येतच नाही.”

थोडा वेळ गप्प. मग फिसकन हसली. “म्हणजे मी खांबामागे उभीच?”

आता रोज झोपताना एक मूळ गोष्ट ठरलीय. काल सिंड्रेला झाली. हिमगौरी आज. श्रेक पुढच्या महिन्यात, पुन्हा पहिल्यापासून.