बुटाच्या तळाचे दोन बोल्ट

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी नवरा घरी आला तो एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा अशा अवतारात. दुसरा बूट सायकलच्या पेडलला तसाच लटकत होता. सायकल आणि हे दोघंही मित्राच्या गाडीतून आले होते. दार उघडल्यावर आधी मला हसू आलं. मग त्यांचं कोपर दिसलं आणि हसू आटलं.

चाकणहून बदली होऊन मानेसरला आलो त्याला आता चार वर्षं झाली. इथे आजूबाजूला कारखाने आणि महामार्ग, पण पाठीमागे अरवली आहे. गैरतपूर बासच्या बाजूला दगडधोंड्यांच्या वाटा आहेत आणि तिथे रविवारी पहाटे सायकलवाल्यांची जत्रा भरते. आमचे हे त्यातलेच. त्या दिवशी एका चढावर वेग मेला, पाय खाली टेकवायचा म्हणून यांनी टाच बाहेर वळवली, तर टाच वळली, बूट वळला, पण पेडल काही पाय सोडेना. तोडलेलं झाड पडावं तसे हे आडवे झाले. अरवलीचा दगड म्हणजे क्वार्टझाइट, कडक आणि धारदार. कोपराला सात टाके पडले.

मला प्रश्न पडला, की पाय पेडलला अडकवायचाच कशाला? आणि अडकवतात, तर त्याला ‘क्लिपलेस’ का म्हणतात? उत्तर मजेशीर आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पेडलवर चवड्यासाठी धातूचा पिंजरा आणि वर चामडी पट्टा असे. त्या पिंजऱ्याला क्लिप म्हणत. 1984 मध्ये लुक या फ्रेंच कंपनीनं बर्फावर घसरण्याच्या स्कीच्या बांधणीवरून वेगळं पेडल काढलं. बुटाच्या तळाला एक तुकडा, तो पेडलमध्ये खटकन बसतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. पिंजरा गेला म्हणून क्लिपलेस. पुढच्याच वर्षी बर्नार इनो ही पेडलं वापरून टूर द फ्रान्स जिंकला आणि पिंजऱ्याचे दिवस भरले. पण त्या बुटांनी चालता येत नसे, बदकासारखं फेंगडं चालावं लागे. डोंगरात तर निम्मी वाट सायकल खांद्यावर घेऊन चढायची असते. 1990 मध्ये शिमानोनं एसपीडी आणली. क्लीट लहान, धातूची, दोन बोल्टांची आणि तळाच्या रबरी खाचेत आत लपलेली. डोंगरी सायकलचे बूट आजही बहुतेक याच धाटणीचे असतात. दुकानात तीन बोल्टांच्या जागेचा बूट दाखवला तर तो रस्त्यावरच्या सायकलचा आहे, हे ओळखून बाजूला ठेवावा.

आता आमचा अपघात. दोन बोल्टांपैकी एक बोल्ट वाटेत कुठेतरी पडून गेला होता. एकाच बोल्टवर टांगलेली क्लीट पायाबरोबर गोल फिरते. टाच कितीही वळवा, ती पेडलच्या जबड्यात तशीच राहते. अशा वेळी मार्ग एकच, बुटाचा पट्टा सोडायचा आणि पायच बाहेर काढायचा. यांना ते सुचलं, पण जमिनीवर पडल्यावर.

तो बूट तसा नवाच होता, म्हणजे आम्हाला तसं वाटलं होतं. मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडून निम्म्या किमतीत घेतलेला, ‘दोनदाच वापरलाय’ असं सांगून. वापरलेला दोनदाच असेल, पण त्याआधी तो काही वर्षं दमट हवेत कपाटात पडून होता. बोल्ट गंजून कच्चे झाले होते आणि मधला पॉलियुरेथेनचा थर भुसभुशीत. हा पदार्थ हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजतो, बूट न वापरताही. बोट दाबलं तर शिळ्या केकसारखा चुरा निघाला. घासाघीस मीच केली होती, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नव्हती.

मग नवा बूट घ्यायला मी स्वतः बरोबर गेले. सायकलचं मला काही कळत नाही, पण माझं माहेर कोल्हापूर. चामड्याच्या वादीनं शिवलेली चप्पल बघत वाढलेल्या बाईला बूट कुठे उसवणार ते कळतं. मी आधी बूट उलटा केला. तळ आणि वरचा भाग जिथे मिळतात तिथे नुसता डिंक आहे, की चवड्यापाशी टाकेही आहेत? सायकलचे बहुतेक बूट चिकटवलेलेच असतात. मग निदान रबर वर वळवून नाकावर चढवलेलं हवं. दगडावर पहिली ठोकर तिथेच बसते आणि तोंड तिथूनच उघडतं. विक्रेत्यासमोर मी तळ दोन्ही हातांनी पिळून बघितला. तो कसनुसा झाला, पण एका जोडीच्या कडेला फट दिसलीच.

तळाबद्दल नवऱ्याचं आणि माझं वाजलं. त्यांना कार्बनचा हवा होता, हलका आणि ताठ. ताठपणा हवाच, नाहीतर लहानशा पेडलचा दाब चवड्याला टोचत राहतो. पण ते काही शर्यत जिंकायला निघालेले नाहीत आणि दगडावर आपटून तडा गेला तर कार्बन सांधता येत नाही. नायलॉनचा तळ थोडा जड, पण मार खाणारा. खाली मात्र रबर हवं, कडक प्लास्टिकचे दात नकोत. गुळगुळीत खडकावर प्लास्टिक फरशीवरच्या काचेसारखं घसरतं. मावळात पावसाळी चिखलात चालवायचे तेव्हा यांना विरळ, खोल दातांचा तळ लागायचा, चिखल अडकून राहू नये म्हणून. इथे चिखल कमी, धूळ आणि काटे फार. वेडी बाभूळ सगळ्या अरवलीवर पसरली आहे आणि तिचा काटा जाळीच्या कापडातून सरळ बोटात जातो. म्हणून बाजूला जाळी कमी, जाड कृत्रिम चामडं जास्त असा बूट बघितला. उन्हाळ्यात पाय उकडतात, हे खरं. पण इथल्या मे-जूनमध्ये पाय कशानंही उकडतातच.

बांधायची तऱ्हा प्रत्येकाच्या आवडीची. वेल्क्रो सोपं, पण कुसळं आणि धूळ भरून वर्षभरात धरेनासं होतं. ते जुन्या टूथब्रशनं साफ करावं लागतं. तारेची फिरकी छान आवळते, पण तुटली तर तो सुटा भाग मिळवायचा कुठून? आम्ही नाडी आणि वर एक पट्टा असा बूट घेतला. नाडी तुटली तर गावात कुठेही मिळते. माप संध्याकाळी घेतलं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. मोजाही नेहमीचाच घातला. अंगठ्यापुढे थोडी जागा ठेवली, नाहीतर उतारावर नख काळं पडतं.

किंमत नऊ हजारांच्या आसपास गेली. मी एक निःश्वास सोडला आणि पैसे दिले.

दुकानदारानं सांगितलेली एक गोष्ट मात्र पैसे वसूल करणारी होती. शिमानोच्या पेडलबरोबर नेहमीची एसएच51 क्लीट येते. ती फक्त टाच बाजूला वळवली की सुटते. एसएच56 वेगळी विकत मिळते, ती घाबरून पाय कसाही ओढला तरी बऱ्याच दिशांनी सुटते. नवशिक्यानं हीच लावावी. यांना ‘नवशिका’ शब्द झोंबला, पण टाक्यांकडे बघून ते गप्प राहिले. पेडलवरचा ताणाचा स्क्रूही सुरुवातीला ढिला ठेवायचा आणि भिंतीला धरून पाय अडकवण्या-सोडवण्याचा सराव करायचा. आमच्या गच्चीवर हा कार्यक्रम आठवडाभर चालला. लेकीनं त्याचा व्हिडिओ काढून सगळ्या आत्या-मावश्यांना पाठवला.

बोल्ट बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावलं, चार मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीनं घट्ट केलं आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळलं. नवी क्लीट तळात थोडी रुतते आणि बोल्ट सैल पडतात. बूट आता गाडीच्या डिकीत ठेवायचे नाहीत, उन्हानं डिंक सुटतो. ओले झाले तर उन्हात किंवा हीटरपुढे नाही ठेवायचे. आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे.

काल शनिवार होता. रात्री भांडी आवरताना बाल्कनीतून आवाज आला, ‘‘अगं, ती अ‍ॅलन की कुठे ठेवलीस?’’ मी ती माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवली आहे, सुयांच्या शेजारी. घेऊन गेले. यांनी दोन्ही बूट उलटे मांडीवर घेतले होते आणि चारही बोल्ट बोटानं चाचपत होते. डावीकडचा मागचा अर्धा फेरा फिरला.