बरणीतला चापडा

लकडगंजात आरागिरण्या आणि लाकडाचे टाल किती, हे नागपूरकरांना सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात तिथल्या एका टालावर बांबूच्या मोळ्या उतरवताना मजुरांना एक हिरवा साप दिसला आणि दिसताक्षणीच मारला गेला. आमच्या नववीतल्या एका विद्यार्थ्याने तो बरणीत घालून प्रयोगशाळेत आणला. "सर, हरणटोळ!" असे म्हणून त्याने बरणी टेबलावर ठेवली.

तो हरणटोळ नव्हता. हरणटोळाचे डोके लांबट आणि पुढे निमुळते असते. याचे डोके रुंद व त्रिकोणी होते, मान बारीक होती, आणि डोळा व नाकपुडी यांच्या मधोमध दोन्ही बाजूंना एकेक खळगी होती. तो चापडा होता. बांबूच्या बेटांत आणि झुडपांत राहणारा हा विषारी साप आपल्या विदर्भात मेळघाटच्या डोंगरांत आढळतो. त्या खळग्या म्हणजे उष्णता जाणणारी इंद्रिये. मिट्ट काळोखातही जवळून जाणाऱ्या उंदराच्या अंगाची ऊब त्याला त्यांच्यामुळे कळते. घोणस आणि फुरसे याच कुळातले, पण त्यांना या खळग्या नसतात.

साहजिकच वर्गात पुढचा प्रश्न आला, की हा चावला तर औषध कोणते? आपल्याकडे सर्पदंशावर जे प्रतिविष मिळते (लोक त्याला लस म्हणतात, पण ती लस नव्हे), ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर तयार केलेले असते. चापडा त्या चारांत नाही. त्याच्या दंशाने तीव्र वेदना होतात, मोठी सूज येते; माणूस दगावणे मात्र क्वचित. रुग्णालयात तर जायलाच हवे, पण खास चापड्यासाठी बनवलेले औषध तिथे मिळणार नाही. हे ऐकून शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने विचारले, "सर, ज्याच्या विषावर औषधच नाही, तो साप जंगलात राहू द्यायचा तरी कशाला?"

या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही. अनेक मोठी माणसे मनातून असेच म्हणत असतात. आणि तो केवळ चापड्यापुरताही नाही. उंच डोंगरांवरच्या दुर्मिळ सापांविषयी तो जगात सगळीकडेच उभा राहतो.

पूर्व आफ्रिकेतल्या केनिया देशाचे उदाहरण घ्या. तिथे खचदरीच्या उंच पठारी भागात, साधारण १,५०० मीटरच्या वर, डोळ्यांवर शिंगासारखे खवले असलेला एक बुटका साप राहतो. नैवाशा सरोवराच्या परिसरातला हा साप एच. डब्ल्यू. पार्कर यांनी १९३२ साली शास्त्राला परिचित करून दिला आणि पूर्व आफ्रिकेतील सरोवरांचे संशोधक वर्दिंग्टन यांचे नाव त्याला दिले. जगात तो इतरत्र कुठेही नाही. त्याच देशात माउंट केनिया आणि अ‍ॅबर्डेअर डोंगरांवर, २,७०० मीटरच्याही वर, जेमतेम फूटभर लांबीचा दुसरा एक विषारी साप आहे. तिथे रात्री कडाक्याची थंडी पडते, म्हणून तो ऊन तापल्यावरच हालचाल करतो आणि सरडे, बेडूक यांवर गुजराण करतो.

अशा सापांसाठी प्रतिविष का बनत नाही? प्रतिविष बनवायचे तर आधी सापांचे विष पुरेसे गोळा करावे लागते. मग ते थोडेथोडे घोड्याला टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढतात. या खटाटोपाला साप पुष्कळ लागतात आणि दंश झालेले रुग्णही पुष्कळ असावे लागतात. दुर्मिळ सापाच्या बाबतीत दोन्ही नसते. औषध नाही याचा एक अर्थ असाही आहे, की त्या सापाने फारसे कुणाला चावलेलेच नाही!

भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरतात, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिला. ही माणसे डोंगरमाथ्यावर मरत नाहीत. ती धानाच्या बांधावर, गोठ्यात, जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर मरतात, आणि बहुतेकांचा जीव घेणारे साप ते चारच आहेत, ज्यांचे औषध उपलब्ध आहे. औषध असून माणूस मरतो, कारण तो आधी मांत्रिकाकडे जातो, किंवा रुग्णालय दूर असते. आपल्याला काळजी करायचीच असेल तर ती इथे करावी. बॅटरी, पायांत बूट, निजायला खाट आणि दंश झालाच तर तो भाग न हलवता थेट रुग्णालय, इतक्या गोष्टींनी जेवढे जीव वाचतील, तेवढे सगळे चापडे मारूनही वाचणार नाहीत.

डोंगरावरच्या सापाची अडचण आपल्या अडचणीपेक्षा मोठी आहे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंच. त्याच्या पायथ्याला पिकांचा उघडा मुलूख. गार, दमट झाडीची सवय असलेल्या जिवाला तो मुलूख समुद्रासारखाच. केनियातल्या त्या शिंगवाल्याला तर दुसरा डोंगरही नाही, आणि नैवाशाच्या काठी आता फुलांच्या शेतीची मोठी हरितगृहे उभी आहेत.

"सर, त्यांचा उपयोग सांगा ना," असा आग्रह झाला. उपयोग सांगता येतो. ब्राझीलमधल्या, चापड्याच्याच उपकुळातल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून रक्तदाबावरचे कॅप्टोप्रिल निघाले. हृदयविकारात रक्ताच्या गुठळ्या रोखणारे टायरोफिबॅन हे फुरशाच्या विषातील एका प्रथिनाच्या धर्तीवर घडवले आहे. पण खरे सांगायचे तर हे उत्तर मला अपुरे वाटते. उद्या एखाद्या सापाच्या विषात काहीच उपयोगी सापडले नाही, तर त्याला मारायला आपण मोकळे झालो काय? माणसाला उपयोग असो वा नसो, तो आपल्या डोंगरावर उंदीर-सरडे खाऊन जगतो आहे, आणि आपल्याशी त्याचे भांडण नाही. मला हे कारण पुरते. त्या मुलीला ते पुरले नाही, तिने तसे सांगितलेही, आणि वाद तासभर चालला.

बरणीला चिठ्ठी लावायची राहिली होती. त्या मुलाने लाल शाईने 'अतिविषारी' असे लिहून आणले होते. मी म्हटले, आधी ठिकाण लिही, तारीख लिही, कोणत्या झाडावर होता ते लिही. तो टालावर विचारायला गेला. बांबू तीन ठिकाणचा एकत्र झालेला होता; साप कोणत्या जंगलातून आला हे कुणालाच ठाऊक नव्हते. अखेर चिठ्ठीवर 'ठिकाण : लकडगंज, नागपूर' एवढेच लिहावे लागले, आणि लकडगंजात चापडा राहत नाही.