वाशीमचे धोरण वाशीमच्या आकड्यांवर ठरू द्या



सोयाबीनची सोंगणी झाली की वाशीम, कारंजा, रिसोडच्या बाजार समित्यांपुढच्या ट्रॅक्टरांच्या रांगांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. सोबत पडलेल्या भावाची बातमी असते, हमीभावाची मागणी असते आणि एखाद्या नेत्याचे आश्वासन असते. तूर बाजारात येईपर्यंत सारे विसरले जाते. सोयाबीन, रेशन आणि पीकविमा यांचे निर्णय दिल्ली-मुंबईत होतात. पण ज्या जिल्ह्याला ते लागू होतात, तिथे त्यांचा परिणाम आधी किंवा नंतर मोजणारी कायमची व्यवस्था नाही. ती उभी करावी, आणि ती एकट्या वाशीमपुरती न ठेवता शेजारच्या जिल्ह्यांना जोडून घेणारी करावी, यासाठी हे पत्र.

2024-25 च्या हंगामाचेच उदाहरण घ्या. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये जाहीर झाला होता. खुल्या बाजारात त्याहून बराच कमी भाव मिळत होता आणि शासकीय खरेदीला 12 टक्के ओलाव्याची अट होती. केंद्र सरकारने ही मर्यादा 15 टक्क्यांवर नेली, पण कधी? नोव्हेंबरच्या मध्यावर, विधानसभेच्या मतदानाला आठवडाही उरला नसताना. दिवाळी तोवर होऊन गेली होती. ज्याला कृषी केंद्राची उधारी फेडायची होती, हरभऱ्याचे बियाणे घ्यायचे होते, मजुरांचे पैसे द्यायचे होते, त्या कास्तकाराने माल आधीच हर्रासात देऊन टाकला होता. परतीचा पाऊस काही त्या वर्षी पहिल्यांदा आला नव्हता. ऑक्टोबरात आमच्या मालात किती ओलावा असतो, याच्या तालुकावार नोंदी हाताशी असत्या, तर हाच निर्णय सप्टेंबरात मागता आला असता. पुरावा हाती नसला की मागणी निवडणुकीच्या सोयीने मान्य होते.

दुसरे उदाहरण रेशनचे. विदर्भ-मराठवाड्यातील 14 शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, म्हणजे वाशीममध्येही, केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना 2015 पासून दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपये किलोने तांदूळ, माणशी पाच किलो धान्य मिळत होते. ते थांबले आणि 2023 पासून धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यात येऊ लागले. पुढे त्याचे 170 झाले. 150 रुपयांत पाच किलो म्हणजे किलोला 30 रुपये, 170 मध्ये 34 रुपये. मानोरा-मालेगावच्या किराणा दुकानात त्या दराने कोणते धान्य मिळते? ही रक्कम घरच्या बाईच्या हाती पडते, की कर्ज थकलेल्या खात्यातच अडकते? पैसे आल्यावर घरात ज्वारी-गहू आला, की आणखी काही? रोख रक्कम चांगली की धान्य चांगले, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण हे प्रश्न आमच्या गावांत विचारून मग निर्णय झाला असता, तर वादाला काही आधार तरी राहिला असता.

अन्नसुरक्षेचा प्रश्न इथे सोयाबीनशीच येऊन भिडतो. एकेकाळी वऱ्हाडातल्या घराघरांत ज्वारीची भाकर होती आणि जनावरांना कडबा होता. आता शिवारभर सोयाबीन आहे आणि त्यात तुरीची तासे. सोयाबीन आम्ही खात नाही, विकतो, आणि त्या पैशांतून खायचे विकत घेतो. म्हणून सोयाबीन पडले की फक्त उत्पन्न नाही, ताटही अडचणीत येते. खाद्यतेलावरचे आयात शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये वाढवले गेले आणि मे 2025 च्या अखेरीस कच्च्या तेलावर कमी केले गेले. शहरातल्या ग्राहकाला हे तेलाच्या पिशवीवरचे रुपये वाटतात. आमच्याकडे मात्र पेरणीच्या तोंडावर सोयाबीनच्या पुढच्या भावाचा अंदाजच बदलून जातो.

या सगळ्याचा अभ्यास जिल्ह्याच्या हद्दीत थांबून होणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबर 2023 मध्ये पावसाने ओढ दिली आणि सोयाबीन येलो मोझॅकने पिवळे पडले. हा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि तिला जिल्ह्याची सीमा ठाऊक नाही. पैनगंगा नदीच्या अलीकडचा वाशीम अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, पलीकडचा हिंगोली परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या. काळी माती, कोरडवाहू शेती आणि अडचणी बऱ्याच अंशी सारख्या, परभणीचे एमएयूएस वाण इकडेही पेरले जातात, शिफारशी मात्र दोन ठिकाणांहून येतात. हमीभावासाठीचा उत्पादन खर्च महाराष्ट्रात राहुरीचे विद्यापीठ गोळा करते, आणि पुढे राज्याराज्यांच्या खर्चाची सरासरी निघते. त्या सरासरीत आमचा कोरडवाहू कास्तकार कुठे दिसणार?

असा अभ्यास आपल्या मुलखाला नवा नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1975 साली कोरडवाहू भारतातील जी मोजकी गावे निवडली, त्यात अकोला जिल्ह्यातील कान्झरा आणि किनखेड ही दोन होती. ती ज्या मूर्तिजापूर तालुक्यात आहेत, तो आमच्या कारंजाला लागून आहे, आणि त्या वेळी वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. ठरावीक कुटुंबांची पेरणी, मजुरी, कर्ज, धान्य यांची तिथे वर्षानुवर्षे नोंद झाली. दुष्काळात गरीब कुटुंब कसे तगते, यावर रॉबर्ट टाउनसेंड या अर्थशास्त्रज्ञाचा 1994 चा गाजलेला निबंध ज्या तीन गावांच्या आकड्यांवर उभा आहे, त्यांतले एक कान्झरा. या नोंदी जगभरच्या विद्यापीठांत वाचल्या गेल्या. त्यातले मराठीत किती उतरले आणि आमच्या ग्रामसभेपर्यंत किती आले, याचा विचार विद्यापीठांनी करावा.

हद्दी ओलांडून असा अभ्यास जोडण्याचेही उदाहरण आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांनी 1997 मध्ये फॅनरपॅन हे अन्न आणि शेती धोरणाच्या अभ्यासाचे जाळे उभे केले. प्रत्येक देशात विद्यापीठ, सरकार, शेतकरी संघटना आणि व्यापारी यांना एका गटात बसवायचे आणि असे गट एकमेकांना जोडायचे, ही त्याची रचना. आपल्याला त्याची नक्कल करायची गरज नाही. पण अनेक देशांना एकत्र बसणे जमत असेल, तर पैनगंगेच्या दोन काठांना का जमू नये?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: कृषी विज्ञान केंद्र आहे, शेती तंत्रज्ञान प्रसाराची ‘आत्मा’ यंत्रणा आहे, हवामान बदलाशी शेती जुळवून घेण्याचा ‘पोकरा’ प्रकल्प आहे, 2018 पासून नीती आयोगाचा आकांक्षित जिल्हा कार्यक्रम आहे, मग आणखी एक कशाला? या यंत्रणा पीक कसे घ्यावे ते सांगतात किंवा आकडे वर पाठवतात. महसूल मंडळांचे पीक कापणी प्रयोग एका कार्यालयात, बाजार समितीची आवक दुसरीकडे, रेशनचे वाटप तिसरीकडे आणि अंगणवाडीतल्या मुलांची वजने चौथीकडे. सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षी मुलांच्या वजनाचे काय झाले, हे त्यामुळे कुणालाच सांगता येत नाही. दुसरा आक्षेप: कास्तकाराला भाव हवा, अहवाल नको. खरे आहे. पण भाव आकड्यांवर ठरतो, आणि आकडे दुसऱ्याच्या हातात असतील तर आपल्या हाती केवळ निवेदन उरते.

म्हणून मागणी स्पष्ट करतो. वाशीम, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि हिंगोली या पाच जिल्ह्यांचे शेती व अन्नसुरक्षा धोरण अभ्यासाचे जाळे उभारावे. अकोला आणि परभणी विद्यापीठांच्या कृषी अर्थशास्त्र विभागांनी त्याची जबाबदारी घ्यावी, आमच्याकडून करड्याचे कृषी विज्ञान केंद्र त्यात असावे आणि पद्धतशास्त्रासाठी पुण्याच्या गोखले संस्थेची मदत घ्यावी. प्रत्येक तालुक्यात काही गावे कायमची निवडावीत आणि दरवर्षी त्याच घरांची नोंद घ्यावी. शेतकरी उत्पादक कंपन्या, भूमिहीन मजूर आणि बचत गटांतील महिलांना त्यात मतासह जागा द्यावी. अहवाल मराठीत निघावा, खरिपाआधी एक आणि खरेदी सुरू होण्याआधी एक, आणि तो ग्रामसभेत वाचला जावा. नवी इमारत नको, नवे महामंडळ तर अजिबात नको. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते, तिथून सुरुवात होऊ शकते.

पालकमंत्री आणि दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरूंनी येत्या खरिपाआधी याची पहिली बैठक वाशीममध्ये घ्यावी. लोकप्रतिनिधी मागतील तेव्हा मागतील, पण बाजार समित्यांच्या संचालकांनी आणि ग्रामसभांनी या मागणीचा ठराव आजच घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक वाचक,
रिसोड, जि. वाशीम