येळ्ळूरला अजून एक फलक हवाय
येळ्ळूरचा फलक म्हटलं की आपल्याला २०१४ आठवतं. पण वेशीवर अजून एक फलक हवाय: ‘गाव सुरू, गाडी हळू’. राजहंसगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं २०२३ मध्ये अनावरण झालं (हो, दोनदा!). रविवारी गडाच्या गाड्या गावातून सुसाट जाऊलाल्यात, आणि कट्ट्यावरची आजी पाय आत ओढून घेते.

आपण काय करतो? अपघात झाला की रातोरात सिमेंटचा उंचवटा घालतो. मग त्यावरच दुचाकीवाला पडतो. गतिरोधकाला माप असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी नीट जाते. वर पांढरे पट्टे, अलीकडे सूचना फलक. गटारं झाकली तर चालायलाही जागा होते. जुनी घरं पाडून रस्ता रुंद करणं हा उपाय नव्हेच, त्याने वेग वाढतो.

अर्ज मराठीतच द्या. संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिलाय. टेप घेऊन रस्ता मोजा, नकाशा काढा, ग्रामसभेत ठेवा. आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका.