शेवटच्या नावाचा हिशेब

३१ मे आणि १ जूनला मुंबईत प्रो कबड्डीच्या बाराव्या मोसमाचा लिलाव झाला. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर त्या दोन दिवसांत पेरणी, पाऊस, अ‍ॅडमिशन, सगळं बाजूला पडलं. ‘शादलू गुजरातला, २ कोटी २३ लाख!’ ‘देवांकला बंगालनं उचललं, २ कोटी २० लाख ५० हजार!’ लिलाव संपून रात्र उलटायच्या आत निकालही लागले. अमुक संघ पास, तमुक नापास, ‘यांनी तर पैसा पाण्यात घातला राव.’

गंमत म्हणजे हे सगळे निकाल पहिल्या पाच-सहा नावांवर लागले. यादीत खाली ९ लाखांच्या मूळ किमतीवर घेतलेली पोरं होती. त्यांच्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही. एकानं विचारलं, ‘हा कोण आहे रे?’ तर उत्तर आलं, ‘असंल कुणीतरी, जागा भरायला घेतलंय.’

माझं म्हणणं असं की संघाची अक्कल कळते ती या ‘जागा भरायला’ घेतलेल्या पोरांवरून. कोटीचा खेळाडू ओळखायला टीव्ही पुरतो. ९ लाखांचा ओळखायला डोळा लागतो.

आधी साधं गणित करू. लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा ५ कोटी. संघात किमान १८ खेळाडू हवेत. एकावर २ कोटी २३ लाख घातले की जवळपास ४५ टक्के पैसा एकाच पोरावर गेला. उरलेल्या पावणेतीन कोटींत किमान सतरा जण बसवायचे. मूळ किंमत ‘अ’ गटाला ३० लाख, ‘ब’ला २०, ‘क’ला १३ आणि ‘ड’ला ९ लाख. म्हणजे वरचा आकडा जितका फुगेल, तितका खालच्या गटातला माणूस नेमका निवडावा लागतो. मॅटवर सात जण उतरतात आणि कोपरे, कव्हर, दुसरा-तिसरा रेडर याच स्वस्तातल्या पोरांना सांभाळायचे असतात. यांच्याशिवाय ‘न्यू यंग प्लेअर’ असतात, म्हणजे बोली न लागता संघाच्या चाचणीतून किंवा अकॅडमीतून थेट आलेली नवी पोरं.

आता उदाहरणं बघा. २०२२ च्या नवव्या मोसमात तमिळ थलायवाजनं पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि मोसम संपला. आता हा संघ बुडाला, असं सगळ्यांनी धरलं. पण त्याच संघात नरेंदर नावाचा एक न्यू यंग प्लेअर होता. त्यानं पहिल्याच मोसमात २४३ रेड पॉइंट काढले आणि थलायवाज पहिल्यांदा सेमीफायनलला गेले. पुढच्या मोसमात तेलुगू टायटन्सनं पवनवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा. पवन बिचारा खेळला, दोनशेच्या वर पॉइंट आणले. तरी टायटन्स बावीस सामन्यांत दोनच जिंकले आणि तळाला राहिले. एका माणसानं संघ होत नाही, एवढं तर दिसलंच.

त्याच मोसमात विजेता ठरला आपला पुणेरी पलटण. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. कप्तान होता अस्लम इनामदार, अहिल्यानगर जिल्ह्यातला. आठव्या मोसमात तो आणि मोहित गोयत नवी पोरं म्हणूनच संघात आले होते. संघानं त्यांना धरून ठेवलं, खेळवलं, चुका करू दिल्या. अस्लम हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघातही होता. पलटणनं शादलूवर २ कोटी ३५ लाख घातले होतेच, ते नाकारायचं कारण नाही. पण तो मोठा आकडा ज्या पायावर उभा राहिला, तो पाया स्वस्तात घडवलेला होता.

आणि चंदगडचा सिद्धार्थ देसाई आठवा. २०१८ ला यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. एकच मोसम खेळला आणि पुढच्या लिलावात किंमत १ कोटी ४५ लाख! माणूस तोच, पाय तेच. बदलला तो बघणाऱ्यांचा अंदाज. उलटंही होतं. प्रदीप नरवालवर २०२१ ला १ कोटी ६५ लाखांची विक्रमी बोली लागली होती. अठराशेहून जास्त रेड पॉइंट असलेल्या त्याच प्रदीपला बाराव्या मोसमाच्या लिलावात कुणीच घेतलं नाही आणि नंतर त्यानं निवृत्ती जाहीर केली. बोली म्हणजे त्या दिवसाचा बाजारभाव. मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा, भाव आणि मालाचा दर्जा रोज एकत्र चालत नाहीत.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये लिलाव नसतो, ‘ड्राफ्ट’ असतो. कॉलेजातून येणारी पोरं संघ पाळीपाळीनं निवडतात, सात फेऱ्या चालतात आणि साधारणपणे मागच्या मोसमात तळाला असलेला संघ आधी निवडतो. २००० साली टॉम ब्रेडीचं नाव सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर आलं. पुढं त्यानं सात सुपर बोल जिंकले. २०२२ ला ब्रॉक पर्डी तर सगळ्यात शेवटचा, २६२ वा. शेवटच्या खेळाडूला तिथं थट्टेनं जे नाव देतात, त्याचा अर्थच ‘ज्याचा काही संबंध नाही तो’. दोन वर्षांच्या आत पर्डी सुपर बोलच्या मैदानात उतरला होता.

आता इथं थांबायला पाहिजे. कारण अशा गोष्टी रील्सवर इतक्या फिरतात, की आपल्याला वाटायला लागतं शेवटी निवडलेला प्रत्येक जण अस्लम होतो. तसं नसतं. आपल्या शेजारच्या अंबाजोगाईचा दिग्विजय देशमुख घ्या. ‘काय पो छे’ सिनेमात लहान अलीचं काम केलेला. डिसेंबर २०१९ च्या आयपीएल लिलावात मुंबई इंडियन्सनं त्याला २० लाखांच्या मूळ किमतीला घेतलं. सगळ्या मराठवाड्याला आनंद झाला. मुंबईनं त्या मोसमात करंडकही जिंकला, पण दिग्विजयला एकही सामना मिळाला नाही. मग ही निवड चुकली म्हणायची का? माझ्या मते तसं म्हणता येत नाही. ज्याला मैदानच मिळालं नाही, त्याला नापास करणार कशावरून? पेपर न देता निकाल लागत नाही.

म्हणून खालच्या नावांचं मूल्यमापन करायचं तर तीन प्रश्न विचारावेत, असं मला वाटतं. पहिला, त्याला मॅटवर किती वेळ मिळाला आणि कुठल्या वेळी? सामना हातात असताना शेवटची दोन मिनिटं, की ‘डू ऑर डाय’ रेडला? दुसरा, त्याच्या कामाचा हिशेब नीट ठेवलाय का? रेडरचे नुसते पॉइंट मोजू नका, तो कितीदा बाद होऊन बाकावर बसला तेही मोजा. कोपऱ्यातल्या पोराच्या यशस्वी पकडींसोबत फसलेल्या पकडीही लिहा. तिसरा, तिसऱ्या वर्षी तो कुठं आहे? आणि संघाला जोखताना त्यानं घेतलेली सगळी स्वस्त पोरं धरा. दहातला चमकलेला एक दाखवून शाबासकी घ्यायची आणि नऊ विसरायचे, हा हिशेब खोटा आहे.

आपल्या कृषी विद्यापीठाचंच बघा. ‘परभणी मोती’ ज्वारी किंवा ‘परभणी क्रांती’ भेंडी एका वावरात एकदा चांगली आली म्हणून बाहेर पडली नाही. वाण पुढं येण्याआधी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हंगामांत चाचण्या होतात आणि प्रत्येक हंगामाची नोंद राहते. बियाण्याला आपण इतका वेळ देतो. पोराला दहा मिनिटं.

दहा मिनिटं हे मी उगाच म्हणत नाही. माझा एक मित्र डावा कोपरा खेळतो. सेकंड इयरला असताना एका संघाच्या चाचणीला रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेला. तिथं शेकड्यांनी पोरं. वजन, उंची, मग जेमतेम दहा मिनिटांचा खेळ आणि ‘कळवतो’. जन्मभर मातीवर खेळलेला गडी, मॅटवर बूट घालून दुसऱ्यांदाच उतरला होता. इकडं त्याची प्रॅक्टिकल बुडाली. परत आला तेव्हा गावात एकानं टोमणा मारलाच, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ तो हसला. पण नंतर मला म्हणाला, ‘मी वाईट खेळलो असतो तर चाललं असतं रे. मी कसा खेळतो हे सांगायला माझ्याकडं कागदच नव्हता.’

मला ही गोष्ट त्याच्या न होण्यापेक्षा जास्त लागली. पाथरी, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, कुठंही यात्रेतल्या नाहीतर जयंतीच्या स्पर्धा बघा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सामने चालतात, माणसं झाडावर चढून बघतात, बक्षिसाची रक्कम भोंग्यावरून दहादा सांगितली जाते. आणि सकाळी गुणपत्रक? चहाच्या कपाखाली. कुणी किती पकडी केल्या, कितव्या मिनिटाला केल्या, काही शिल्लक राहत नाही. मग निवडणाऱ्याकडं उरते उंची, वजन आणि ओळख. सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण मिळवायचं तरी मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी लागते. तिथंही कागदच बोलतो.

यावर उपाय म्हणून लगेच कुणी इनडोअर मॅट आणून देणार नाही. ती मागणी करत राहावी, पण वाट बघत बसू नये. आपल्यातली निम्मी पोरं सामने मोबाइलवर शूट करतातच. त्यातल्या एकानं दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक रेडला एक ओळ: रेडर कोण, पकड कुणी केली, निकाल काय. बीएस्सी स्टॅटच्या पोरांना तर हा आयता प्रोजेक्ट आहे. एका मोसमात एका तालुक्याच्या स्पर्धांची अशी नोंद झाली, तर पुढच्या वेळी चाचणीला जाणारं पोरगं रिकाम्या हातानं जाणार नाही. त्याची दहा मिनिटं वाईट गेली तरी मागचे चाळीस सामने त्याच्या बाजूनं बोलतील.

आणि जाणाऱ्यांना एकच सांगणं. चाचणीला जरूर जा, पण परीक्षेचं वेळापत्रक बघून जा. डिग्री सोडून मॅटवर उडी मारणं हे धाडस वाटतं खरं, पण ‘कळवतो’ म्हणणाऱ्यांनी कळवलं नाही, तर हातात दुसरा डाव असावा.

माझा मित्र आता रोज पहाटे स्टेडियमवर पोलीस भरतीसाठी पळतोय आणि संध्याकाळी गावात ज्युनिअर पोरांना कोपरा शिकवतोय. मागच्या आठवड्यात त्यानं एक वही विकत घेतली. पहिल्या पानावर तारीख टाकून एका पंधरा वर्षांच्या पोराचं नाव लिहिलंय आणि समोर नोंद आहे: पकडी सात, यशस्वी चार.

पुढच्या लिलावात ग्रुपवर कोटीचे आकडे पडतीलच. तेवढं बघून झालं, की यादी जरा खाली सरकवा. शेवटून वाचायला सुरुवात करा.