कलम शिकवता शिकवता

जुलै उजाडला की कोकणातल्या रोपवाटिकांमध्ये कुणाला मान वर करायला सवड नसते. कोयी रुजून आलेल्या, कोवळी पाने अजून तांबूस, आणि आंब्याचे कोय कलम बांधायचे तर हेच दिवस. अशा घाईत गावातली दोन पोरे शिकायला येऊन बसतात. मालक चाकू घेतो, कलमकाडीला दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन पाचर करतो, रोपाच्या खाचेत ती बसवतो आणि बोलू लागतो. मध्येच एक पोरगा विचारतो, "काका, काडी रोपापेक्षा बारीक निघाली तर?" मालक क्षणभर थांबतो. वीस वर्षे हाताने केलेले काम, शब्दांत कधी मांडलेलेच नाही. "मग मधोमध बसवू नकोस, एका कडेला सरकव. एका बाजूची तरी साल सालीला भिडली पाहिजे, जोड तिथूनच धरतो."

हेच गृहस्थ तालुक्याच्या शेतकरी मेळाव्यात माइकसमोर उभे राहिले की कागदावरच्या चार ओळी वाचून खाली बसतात.

असा रोपवाटिकाधारक प्रत्येक तालुक्यात आहे. त्याला वक्तृत्वाचा वर्ग लावायला सांगितले जाते. त्या वर्गांचा उपयोग नाही असे नाही, पण आपल्या व्यवसायातला जवळचा रस्ता शिकवण्यातून जातो, असे आमचे ठाम मत आहे. शिकवताना लक्ष स्वतःच्या आवाजावर राहत नाही, समोरच्याच्या हाताकडे जाते. त्याची पट्टी सैल बसली की तोंडातून आपोआप सूचना निघते. शिवाय प्रत्येक प्रश्न सांगून जातो की आपले कुठले वाक्य समजले नाही. चार-पाच तुकड्या झाल्या की काय आधी सांगायचे आणि काय मागून, हा क्रम बसून जातो. मेळाव्यातल्या भाषणाला आणखी काय लागते?

डेल कार्नेगी यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीएत भाषणकलेचे वर्ग सुरू केले. एकदा सांगण्यासारखे संपले, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना ज्या गोष्टीची चीड येते तीवर बोलायला लावले आणि बुजरी माणसे बोलती झाली. हापूस म्हणून रायवळ गळ्यात मारणाऱ्यांविषयी आपल्यापैकी कुणालाही बोलते करा. कागद लागणार नाही.

शिकवले की स्पर्धक उभे राहतात, ही भीती अनेकांच्या मनात असते. ती खोटी नाही. पण कलमाचा जोड कसा असतो हे ज्याने स्वतः बांधून पाहिले, तो गिऱ्हाईक म्हणूनही डोळस होतो आणि चांगल्या कलमाचा दर त्याला पटवून द्यावा लागत नाही. किर्लोस्कर बंधूंनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले, तेव्हा ते सायकली विकत आणि चालवायलाही शिकवत.

बँकेत कर्ज मागताना मात्र कलमाचे ज्ञान पुरत नाही, तिथे आकडे बोलावे लागतात. त्यासाठी वर्षाचा हिशेब आधी घरच्या मुलाला किंवा सुनेला समजावून द्यावा. त्यांनी जिथे अडवले, नेमके तिथेच मॅनेजर अडवतो.

पुढच्या मेळाव्याचे बोलावणे आले तर भाषण लिहीत बसू नये. दहा-बारा रोपे, ताज्या काड्या, चाकू आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या घेऊन व्यासपीठावर जावे आणि तिथेच कलम बांधायला घ्यावे. माइक तेवढा स्टँडवर मागून घ्यावा, दोन्ही हात मोकळे लागतील.