दिग्गज नसले की शर्यत खुली होते?

दगडी फरसबंदीवरून धावणाऱ्या एकदिवसीय सायकल शर्यतींत बेल्जियमची 'टूर ऑफ फ्लँडर्स' आणि उत्तर फ्रान्सची 'पॅरिस-रूबे' या दोन सर्वांत मानाच्या. एखादा दिग्गज जायबंदी होऊन बाहेर पडला की त्यांच्याविषयी दोन मते हमखास ऐकू येतात: शर्यत आता खुली झाली आणि विजयाची किंमत उतरली. दोन्ही मते तपासणीत टिकत नाहीत.

27 मार्च 2024 रोजी दिग्गज वाऊट व्हॅन आर्ट फ्लँडर्सआधीच्या एका शर्यतीत पडला, त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. दुसरा दिग्गज तादेय पोगाचार त्या वर्षी या दोन्ही शर्यतींत नव्हताच. शर्यत खुली व्हायला याहून चांगली संधी कोणती? प्रत्यक्षात मॅथ्यू व्हॅन डर पूल फ्लँडर्समध्ये सुमारे 45 किलोमीटर आणि रूबेत सुमारे 60 किलोमीटर एकटाच पुढे राहून जिंकला. रूबेत दुसरा तीन मिनिटे मागे होता. 2025 साली तिघेही फ्लँडर्सला उतरले, तेव्हा पोगाचारला निर्णायक हल्ल्यासाठी शेवटच्या 18 किलोमीटरपर्यंत थांबावे लागले. एक दिग्गज गेल्यावर दुसऱ्याने एकट्याने जिंकणे 2012 मध्येही घडले होते. फाबियन कान्सेलारा फ्लँडर्समध्ये पडून बाहेर गेला आणि पुढच्या रविवारी रूबेत टॉम बोननने 50 किलोमीटरांहून अधिक अंतर एकट्याने कापले.

याचे कारण वाऱ्यात आहे. पालघरहून केळव्याकडे समोरचा वारा घेत सायकल मारणाऱ्याला पुढच्याच्या आडोशाने जाणे किती सोपे पडते ते ठाऊक असते. पाठलागात कोणाला तरी पुढे राहून वारा कापावाच लागतो. बरोबरीचा प्रतिस्पर्धी असला की ते काम तो आणि त्याचा संघ अंगावर घेतो. तो नसला की उरलेले एकमेकांकडे पाहत बसतात. दुसऱ्याच्या विजयासाठी आपले पाय कोण थकवणार? अरुंद दगडी पट्ट्यांवर आडोसा तसाही कमी मिळतो, त्यामुळे गेलेला माणूस सापडतच नाही.

खुलेपणा येतो तो तुल्यबळ दिग्गज सगळेच गेल्यावर. 2015 साली बोनन आणि कान्सेलारा दोघेही दुखापतीमुळे घरी होते. फ्लँडर्समध्ये अलेक्झांडर क्रिस्टॉफ आणि निकी टर्पस्ट्रा ही जोडी अखेरपर्यंत पुढे राहिली व क्रिस्टॉफ जिंकला. रूबेची शर्यत संपते त्या वेलोड्रोममध्ये तर सात जण एकत्र पोहोचले आणि जॉन डेगेनकोल्बने अंतिम धावेत बाजी मारली. मोजायचे ते गैरहजर किती हे नव्हे. उरलेल्यांत एकटा वरचढ आहे का, हे.

राहिला किमतीचा आक्षेप. डेगेनकोल्ब त्याच मोसमात मिलान-सान रेमो ही शर्यतही जिंकला होता; 1986 च्या शॉन केलीनंतर एका वर्षात ही जोडी कोणी साधली नव्हती. शिवाय रूबे जिंकणारा तो 1896 च्या योसेफ फिशरनंतरचा पहिलाच जर्मन. आणि या शर्यतींत पडणे, चाक पंक्चर होणे हा खेळाचाच भाग आहे. फरसबंदीवर सायकल शाबूत ठेवणे हे कौशल्यच. कान्सेलाराविना मिळालेल्या बोननच्या विजयाला कोणी उसना म्हणत नाही, मग डेगेनकोल्बच्या विजयालाही म्हणता येणार नाही.